कऱ्याची खुशाली

सोलापूर, भवानी पेठ
३ फेब्रुवारी २०२५
(टपालानं)

पूज्य श्री गुरुशांत देवरु यांच्या चरणी दानेश्वरीचा शरणार्थ.

हे पत्र आधी पंचाक्षरीअण्णा वाचणार, हे मला माहीत आहे. मठात आलेलं प्रत्येक पाकीट कारभाऱ्यांनी फोडायचं असा नियमच आहे म्हणे. तर अण्णा, तुम्हालाही नमस्कार. फोडा खुशाल. आत लपवण्यासारखं काही नाही, एक कुत्रं आहे.

देवरु, दीड वर्षापूर्वी आपण दीक्षा घेऊन घर सोडलंत. तोवर आपण प्रभु होतात आणि मी आपल्याला ‘ए प्रभ्या’ अशी हाक मारत होते. सख्ख्या धाकट्या भावाला ‘आपण’ म्हणायची अजून सवय झालेली नाही, तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं. मठात शिकणाऱ्यांजवळ फोन नसतो, नाहीतर हे सगळं दोन मिनिटांत बोलून झालं असतं.

कऱ्या आजारी आहे. दिवाळीपासून पाणी फार पीत होता. आम्हाला वाटलं, म्हातारा झालाय, घसा कोरडा पडत असेल. मग खाल्लेलं उलटायला लागला. संक्रांतीनंतर मागचे पाय ओढत चालायला लागला. आपण आठवीत असताना दप्तरात घालून आणलेलं ते काळं पिल्लू आता तेरा वर्षांचं आहे, हे मला डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा बोटं मोजताना कळलं.

डॉक्टर म्हणजे डॉ. उत्कर्षा. करमाळ्याकडच्या आहेत, वयानं लहान, पण बोलणं सरळ. रक्त तपासून म्हणाल्या, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेलीत. रोज मानेच्या कातडीखाली सलाइन द्यायचं, गोळ्या द्यायच्या, खाणं बदलायचं. बरा होणार नाही. किती दिवस काढेल ते सांगता येत नाही. आणि जाताना दारात उभ्या राहून म्हणाल्या, फार हाल व्हायला लागले तर एक इंजेक्शन असतं. झोप लागते आणि जाग येत नाही. आज ठरवू नका, पण मनात असू द्या.

अव्वानं ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, “असलं कुटं असतंय व्हय? घरच्या जिवाला सुई टोचून मारायचं?” आणि दिवसभर पोटच्या पोरीशी, माझ्याशी, बोलली नाही. जणू काही इंजेक्शन माझ्याच पर्समध्ये होतं.

कुत्रं आपलं आहे. म्हणून विचारते. वेळ आली तर काय करायचं? आपण सांगाल तसं करू.

दानेश्वरी

*

श्री मठ
१३ फेब्रुवारी २०२५

शरणी दानेश्वरी यांस आशीर्वाद.

पत्र पोचलं. कऱ्याच्या प्रकृतीचं वाचून वाईट वाटलं.

मुक्या जिवाची सेवा लिंगपूजेहून वेगळी मानू नये. जोवर त्याचा श्वास चालू आहे तोवर सेवा चुकवू नये. त्याचं आयुष्य आपल्या हातानं तोडण्याचा विचारही घरात येऊ देऊ नये. औषधपाणी नियमानं करावं.

दर पंधरवड्याला त्याची खुशाली सविस्तर कळवावी. काय खातो, कुठं निजतो, दिवसा त्याच्याजवळ कोण बसतं, शेजारच्या यंत्रमागांच्या आवाजाचा त्याला त्रास होतो का, हे सर्व लिहावं.

गुरुशांत देवरु

(मठाचा शिक्का)
वाचलं. पाठवण्यास हरकत नाही. पंचाक्षरी

*

सोलापूर
९ मार्च २०२५
(टपालानं)

पूज्य देवरु यांच्या चरणी शरणार्थ.

आपलं पत्र आलं त्या दिवसापासून ते देवघरात आहे. अव्वानं त्याला विभूती लावली आणि लिंगाच्या शेजारी ठेवलं. दर सोमवारी पूजा झाली की मला ते मोठ्यानं वाचायला लावते. मी वाचते, ती हात जोडून ऐकते, आणि कऱ्या आपला दाराशी पडून असतो. अव्वाच्या लेखी ती आता आज्ञा आहे. मी नुसतं “डॉक्टर म्हणत होत्या की” एवढं म्हटलं तरी ती देवघराकडे बोट करते.

विचारलं होतं ते सगळं लिहिते. खातो काय, तर दुधात कुस्करलेली भाकरी, तीही अव्वानं बोटानं गालात सारली तर. निजतो पुढच्या खोलीत, दाराशी. मागांचा आवाज त्याला अंगाई आहे; उलट रविवारी माग बंद असले की अस्वस्थ होतो. दिवसा त्याच्याजवळ अव्वा बसते. त्याच्याशी कानडीतच बोलते. त्याला मराठी सगळं कळतं, पण ऐकतो कानडीच.

आता न विचारलेलं लिहिते. तो उठू शकत नाही. सगळं जागच्या जागी होतं. आपल्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि त्याच्या अंगाखालची चादर दिवसातून तीनदा बदलावी लागते. मी कारखान्यातून येते ती थेट बादलीपाशी. सध्या शाळांच्या गणवेशांचा हंगाम आहे, कटिंगच्या टेबलावर आठ तास उभी असते, मग घरी येऊन सलाइन, मग धुणं. दुधनीला शिवलीलाच्या लग्नाला गेले नाही. सख्ख्या काकाची मुलगी, आणि मी गेले नाही, कारण सुई टोचायला दुसरं कुणी नाही. अव्वाचा हात थरथरतो.

डॉक्टरांनी एक कागद दिलाय. त्यावर सात प्रश्न आहेत: दुखतं का, खातो का, पाणी पितो का, स्वच्छ राहतो का, त्याला कशात आनंद वाटतो का, हालचाल करतो का, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. पस्तिसाच्या खाली आलं की विचार करायचा. मी दिले बावीस. अव्वाला विचारलं तर म्हणाली, “शेपटी हलीवली की! दे धा.” असे करत करत तिनं एकसष्ट दिले. आमच्या कऱ्याला पहिल्या वर्गात पास करून मोकळी झाली.

देवरु, मला हसू येत नाही. आपण एवढंच लिहा की घरच्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरवावं. एक ओळ पुरे. शिक्क्यासकट.

दानेश्वरी

*

श्री मठ
१९ मार्च २०२५

शरणी दानेश्वरी यांस आशीर्वाद.

कऱ्याची खुशाली कळली. अशा वेळी धीर सोडू नये. मागील पत्रात लिहिलं आहे त्यात बदल करण्याचं कारण दिसत नाही.

उन्हाळा वाढतो आहे. पुढच्या खोलीचं दार दुपारी उघडं असतं का? परसातल्या कढीपत्त्याची सावली अजून पडते का? त्याला तिथं नेता येईल का? पहाटे तो किती वाजता जागा होतो? त्याला हाक कोण मारतं? लिहावं.

गुरुशांत देवरु

(मठाचा शिक्का)
वाचलं. पाठवण्यास हरकत नाही. पंचाक्षरी

*

सोलापूर
२८ मार्च २०२५
(शिवबाईच्या हाती)

प्रभ्या,

हे पत्र पंचाक्षरीअण्णा वाचणार नाहीत. आपल्या गल्लीतली शिवबाई दर अमावास्येला मठाच्या दासोहाच्या पंगतीसाठी भाकऱ्या थापायला येते, तिनं हे भाकरीच्या फडक्यात बांधून घेतलंय. तुला एकट्याला गाठून देईल. तेव्हा आता ‘आपण’ नाही आणि ‘देवरु’ नाही. मी तुझी अक्का आहे आणि मला तुझा राग आलाय.

कढीपत्त्याची सावली! तुला कढीपत्त्याच्या सावलीची पडलीय?

कालचा दिवस सांगते. सकाळी कऱ्याला झटका आला. चारी पाय ताठ, तोंडाला फेस, डोळे पांढरे. दोन मिनिटं चाललं. नंतर अर्धा तास त्याला आम्ही कोण ते कळत नव्हतं. त्याच्या तोंडात फोड आलेत, जिभेची कड काळी पडलीय, म्हणून तो खात नाही. आणि अव्वा त्याच तोंडात बोट घालून भाकरी सारते, वर म्हणते, “खाल्ला बग, खाल्ला.” कुशीला हाडापर्यंत जखम झालीय. मी सुई टोचायची तेव्हा आधी तो गुरगुरायचा. मला तेवढाच आधार होता, की याला अजून राग येतो. आता गुरगुरत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि मी सुई घालते.

तू तिथून दया वाटतोस. तुझं बरं आहे. शाईच तर लागते. इथं ती दया माझ्या हातांनी करावी लागते, रोज, आणि मला ती दया वाटत नाही. मला वाटतं, मी त्याला छळतेय.

मी अव्वाला सांगितलं, तू काही करू नकोस, सही मी करते, डॉक्टरांना बोलावते, पाप लागायचं ते मला लागू दे. ती म्हणाली, “बोलीव. मी दारात आडवी पडतो. माझ्यावरनं जाऊ दे तिला.” आणि ती पडेल, तुला माहीत आहे.

मी विचारलं तुला, हीच माझी चूक. विचारलं नसतं तर फेब्रुवारीतच ठरवून मोकळी झाले असते. आता तुझा शब्द देवघरात बसलाय आणि मी, कऱ्या, अव्वा, तिघं त्याच्यासमोर कोंडून पडलोय. दाराला कडी लावलेली नाही पण बाहेर पडता येत नाही. रात्रंदिवस त्या जखमेचा वास माझ्या नाकातून जात नाही. कारखान्यात बायका विचारतात, ताई, तुम्ही माहेरी कधी जात नाही ते? मी म्हणते, माहेरीच आहे बायांनो, लग्न कुठं झालंय माझं.

शिक्क्याचं पत्र पाठव. अव्वा दुसरं काही मानत नाही. स्वच्छ लिही, की सोडा त्याला. तुला जमत नसेल तर का जमत नाही ते तरी एकदा माणसासारखं सांग.

अक्का

*

मठ
२९ मार्च
(शिवबाईच्या हाती)

अक्का,

गोठ्यात बसून लिहितोय. शिवबाई बाहेर उभी आहे, तिची बस चारला आहे.

माणसासारखं सांगतो. मला वाटत होतं तुला माहीत आहे. अव्वानं सांगितलं असेल असं मी धरून चाललो.

दीक्षेच्या दिवशी गुरूंनी सगळ्यांसमोर विचारलं, मागं काही उरलंय का? विचारायची रीत आहे. उत्तर ‘काही नाही’ असंच द्यायचं असतं, आदल्या दिवशी पाठ करून घेतात. मी म्हणालो, एक कुत्रं उरलंय. मंडपात लोक हसले. गुरू हसले नाहीत. म्हणाले, तुझ्या हातचं खाल्लेला जीव आहे, त्याला टाकलंस म्हणून चालणार नाही. तो आहे तोवर पत्रानं त्याची विचारपूस करत जा. त्याच्यापुरतीच. घरातलं दुसरं काही विचारायचं नाही, कळवायचं नाही. अव्वा समोरच बायकांत बसली होती. तू नव्हतीस. त्या दिवशी कऱ्यानं सकाळपासून ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून तू त्याच्यापाशी थांबलीस.

तर इथं माझ्या नावानं दुसरं कुठलंही पत्र आलं तर ते परत जातं. फक्त कऱ्याचं येतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी कऱ्याचा विचार नंतर केला. पहिल्यांदा मनात आलं, की तो गेला तर तुझं अक्षर यायचं नाही. अव्वा आहे की नाही, हे कळायचाही मार्ग राहणार नाही. मग मी ते लिंगपूजा वगैरे लिहिलं. मला धर्मातलं एवढं कुठं कळतं? दीड वर्ष तर झालंय. जे लिहिलं ते मला हवं म्हणून लिहिलं, आणि त्याला शिक्का मारून घेतला.

दार उघडं असतं का, हे विचारलं कारण अव्वा दुपारी दार उघडं टाकून झोपते का, हे मला विचारता येत नाही. हाक कोण मारतं, हे विचारलं कारण तिचा आवाज अजून खणखणीत आहे का, ते कळावं. तुझ्या पत्रातली ती एक ओळ, अव्वाचा हात थरथरतो ही, मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

लाज वाटते अक्का. तुझ्या हातातल्या सुईमागं माझा हात होता.

शिक्क्याचं पत्र पंचाक्षरीअण्णा जाऊ देणार नाहीत, असं लिहून सुटणार होतो. पण तेही खरं नाही. मी कागद घेऊन बसलो होतो. मला लिहवत नाही. तू कर. मला विचारू नकोस. हे पत्र अव्वाला वाचून दाखव, तिला कळेल.

प्रभु

*

सोलापूर
२६ एप्रिल २०२५
(शिवबाईच्या हाती)

प्रभु,

तुझं पत्र मी दुसऱ्याच दिवशी अव्वाला वाचून दाखवलं. मला वाटलं ती चमकेल, रडेल, मला जवळ घेईल. ती ज्वारी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “मला ठावं हाय.”

मी म्हटलं, काय ठाऊक आहे?

“समदं. मी मंडपात हुतो की. माझ्या कानानं ऐकलं.” आणि सुपाकडंच बघत, “कुत्रं हाय तवर पोरगं हाय. कुत्रं गेलं की पोरगं गेलं. मग मी काय त्याला मरू देऊ व्हय?”

म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं. तू तिथून त्याला धरून ठेवलंस, तिनं इथून, आणि मधे त्याची कातडी चिमटीत धरून सुई घालणारी मी, मलाच तेवढं माहीत नव्हतं. मला इतका राग आला की मी अठरा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. सलाइन देत राहिले. न देऊन काय करणार? पाण्यावाचून त्याचे आणखी हाल झाले असते. मला तिला दारात आडवं पडलेलं बघायचं नव्हतं. आणि खरं सांगू, तिचं म्हणणं कळल्यावर मला डॉक्टरांना फोनही लावता येईना. आधी एका कुत्र्याचा प्रश्न होता. आता त्याच्याबरोबर तुलाही मारायचं होतं.

सतरा तारखेला गुरुवारी मी कामावर होते. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. दुपारी अव्वाला त्याच्या जखमेत अळ्या दिसल्या. तिनं मला फोन केला नाही. एकटीनं टर्पेंटाईन आणलं, कापूस घेतला आणि अळ्या काढायला बसली. तो तिला चावला. तेरा वर्षांत तो कुणालाही चावला नव्हता; दूधवाल्याला नाही, कुरिअरवाल्याला नाही. अव्वाच्या तळहातात दोन दात खोल गेले.

मी आले तेव्हा ती हाताला फडकं बांधून त्याच्यापासून चार हात लांब भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, “त्येला मी वळखू आलो न्हाय दानव्वा.” मग म्हणाली, “लई दुकत आसंल त्येला. न्हायतर मला चावला नसता.” मी तिला दवाखान्यात न्यायला उठवलं तर म्हणाली, आधी फोन लाव. “डाक्टरीनबाईला बोलीव. साकु. पुरं झालं आता.”

डॉ. उत्कर्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आल्या. अव्वा दारात आडवी पडली नाही. तिनं देवघरातून तुझं पत्र काढलं, घडी घालून डब्यात ठेवलं आणि मग विभूती घेऊन कऱ्यापाशी आली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आदल्या दिवशी चावलेलं तोंड, पण तिनं घेतलं. डॉक्टरांनी आधी गुंगीचं दिलं. अव्वा त्याच्या कानात म्हणत होती, “मलको कंदा, मलको,” म्हणजे नीज बाळा, नीज. लहानपणी तुला म्हणायची तसंच. मग दुसरं इंजेक्शन. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. काही दिसलं नाही. श्वास चालू होता, मग नव्हता.

परसात पुरलं. आपल्यात माणसाला बसवून पुरतात तसं बसवायचा अव्वाचा हट्ट होता, पण खड्डा तेवढा खोल झाला नाही, खाली खडक लागला. कुशीवर ठेवलं. विभूती लावली. मी खूप रडले प्रभु. आणि त्या रात्री नऊ तास झोपले. दोन्ही खरं आहे.

अव्वाला रेबीजच्या पाच सुया आहेत, तीन झाल्या. हात बरा आहे.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी मी मठाला कळवायला कागद घेतला. अव्वा म्हणाली, “काय लिव्हतीस?” कऱ्या गेला म्हणून लिहितेय म्हटलं. “तसं न्हाय लिव्हायचं. कऱ्या बरा हाय म्हणून लिव्ह.”

मी म्हटलं, अव्वा, असं कसं लिहायचं?

“का बरं? तितनं कुणी बगायला येतंय व्हय? मी सोडला न्हवं त्येला? तू म्हनलीस तसं केलं न्हवं? मग आता माझं येक ऐक की.”

तिनं सोडला, हे खरंच आहे. काय सोडतोय हे ठाऊक असून सोडला. पण आता मेलेल्या कुत्र्याची शुश्रूषा मी किती वर्षं करू? जिवंत होता तेव्हा निदान शेवट होईल असं वाटत होतं. सांग मला. तू सांगशील ते करते, असं मी पुन्हा लिहितेय बघ. अक्कल येत नाही मला.

अक्का

*

मठ
२७ एप्रिल
(शिवबाईच्या हाती)

अक्का,

वाचलं. पाठ चालू असताना शिवबाईनं खूण केली, बाहेर येऊन वाचलं आणि परत पाठाला जाऊन बसता आलं नाही. गोठा झाडत राहिलो. एकदा झाडलेला पुन्हा झाडला.

त्याला सोडवलंत, बरं केलंत. ते मी करायला हवं होतं.

पण अव्वा म्हणते ते माझ्यानं होणार नाही. आजवर मी जे लिहिलं ते अर्धं खोटं होतं, आणि त्या अर्ध्या खोट्यापायी त्यानं दोन महिने भोगलं. आता पुरतं खोटं लिहू? अंगावर हे वस्त्र घेऊन? टपालानं खरं काय ते कळवा. मी गुरूंना सांगेन. पत्रं थांबतील. सगळ्या देवरुंची थांबलेलीच आहेत, मी काही वेगळा नाही. अव्वाला समजाव. तुला जमेल.

तुझा पत्रांचा भार संपेल, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

प्रभु

*

सोलापूर
५ मे २०२५
(टपालानं)

पूज्य श्री गुरुशांत देवरु यांच्या चरणी बसव्वाचा शरणार्थ.

कऱ्या बरा हाय. सकाळी दुदात भाकर खाल्ला. अर्दी खाल्ला, पर खाल्ला. ऊन लई हाय. शेजारचे दोन माग बंद पडलेत, त्यामुळं दुपारी घर सुनं वाटतंय त्येला. पुढचा पाय दुकत हुता, आता उतार हाय. चार सुया झाल्या, येक ऱ्हायली.

दाराकडं तोंड करून बसतो. कुणी यावं म्हणून न्हाय, सवय हाय म्हणून बसतो. काळजी करू ने. तुमी तिकडं चांगलं शिकावं, थोर व्हावं.

पत्र वाचून दाकीवलं की त्येला बरं वाटतंय. तवा येक धाडावं. न्हाय जमलं तरी त्येचा राग न्हाय.

बसव्वा

वरचा मजकूर अव्वानं सांगितला तसा लिहिला आहे. मी तिला आपलं म्हणणं चार वेळा समजावून सांगितलं. तिनं चारही वेळा ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, लिव्ह. — दानेश्वरी

*

श्री मठ
१३ मे २०२५

शरणी बसव्वा व शरणी दानेश्वरी यांस आशीर्वाद.

पत्र पोचलं. कऱ्यानं अर्धी भाकरी खाल्ली हे वाचून समाधान वाटलं. उद्यापासून पाऊण खाईल असं बघावं. पुढच्या पायाची राहिलेली सुई पंधरा तारखेला येते. ती चुकवू नये, उन्हाचं निमित्त सांगून तर मुळीच नाही. दुपारी घर सुनं वाटत असेल तर शेजारी जाऊन बसावं. दाराशी बसत असेल तर बसू द्यावं, कुणी उठवू नये.

त्याची सेवा करणाऱ्यावर भार फार पडतो, हे मला कळतं. महिन्यातून एक पत्र पुरे, आणि चार ओळी पुरेत. मधे दुधनीला किंवा कुठं जायचं असेल तर तिनं जरूर जावं. चार-आठ दिवस कऱ्या तिच्यावाचून राहील.

इथं दर्शनाला एक जुने गुरांचे डॉक्टर येतात, त्यांना मुद्दाम विचारलं. देशी कुत्री जपली तर सतरा-अठरा वर्षंही काढतात, म्हणाले. कऱ्याला आता कुठं चौदावं लागलंय. अजून चार वर्षं आहेत.

गुरुशांत देवरु

(मठाचा शिक्का)
वाचलं. पाठवण्यास हरकत नाही. पंचाक्षरी